खास सामन्यासाठी कॅचरचा संच सजवताना: कुठे रंग, कुठे दोरा आणि कुठे हात लावायचा नाही

सामन्याच्या आदल्या रात्री चेस्ट प्रोटेक्टरवर (छातीच्या संरक्षक कवचावर) नावाचं ट्रान्स्फर ठेवून इस्त्री फिरवणं, ही बेसबॉलमधल्या कॅचरचा, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू पकडणाऱ्या खेळाडूचा, संच सजवताना होणारी सगळ्यात महागडी चूक. टी-शर्टवर असं नाव चिकटायला साधारण १५० अंश सेल्सियस लागतात. प्रोटेक्टरच्या आतला फोम त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतो. वरून काहीच कळत नाही, नाव झकास बसतं. आत मात्र फोम दबून राहतो, आणि तोही बरोबर छातीच्या मध्यावर, जिथे नाव टाकायचा मोह सगळ्यांना होतो.

अमेरिकेत कॅचरचा संच नटवण्याची निमित्तं पुष्कळ असतात. मदर्स डेच्या सामन्यांत गुलाबी रंग असतो, १५ एप्रिलला विख्यात खेळाडू जॅकी रॉबिन्सनचा ४२ क्रमांक असतो, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचा ‘सीनियर नाइट’ असतो. मेजर लीगने (अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेने) ऑगस्ट २०१७ मध्ये ‘प्लेयर्स वीकेंड’ सुरू केला तेव्हा खेळाडूंच्या पाठीवर टोपणनावं आली आणि कॅचरांचे मास्क व लेग गार्डही रंगले. पण टीव्हीवर दिसणारे ते संच बहुतेक कारखान्यातून किंवा पेशेवर रंगाऱ्याच्या हातून आलेले असतात. घरी काय करता येतं आणि काय करू नये, हा वेगळा विषय आहे. लेख त्याचाच आहे, आणि मुख्यतः शाळा किंवा लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत) खेळणाऱ्या मुलांचे पालक व प्रशिक्षक डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

कॅचरच्या अंगावरची वस्तू सजवताना तिघांचा विचार लागतो. पहिला चेंडू: १४२ ते १४९ ग्रॅम वजनाचा, आणि तो कुठे आपटेल याचा नेम नाही. दुसरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, जो प्रत्येक फेकीआधी कॅचरकडेच रोखून बघतो. तिसरा अंपायर, जो कॅचरच्या मागे उभा असतो आणि संच नियमात बसत नसेल तर बदलायला लावतो. या तिघांना ज्याची अडचण होत नाही ती जागा तुमची. ऐकायला ती फारच थोडी वाटते, पण तेवढ्यात बरंच काही बसतं.

आधी परवानगी

सामन्याच्या पाच-सहा आठवडे आधी दोन पत्रं जायला हवीत: एक लीगला किंवा शाळेच्या क्रीडा विभागाला, दुसरं हेल्मेटच्या उत्पादकाला. लिटल लीगचा नियम स्पष्ट आहे. हेल्मेट पुन्हा रंगवता येत नाही, त्यावर टेप किंवा नव्याने लावलेलं स्टिकर चालत नाही. उत्पादकाने किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याने लेखी मान्यता दिली असेल तरच सूट. म्हणजे ‘दुकानदार म्हणाला चालतं’ हे पुरत नाही. ईमेल मागवा, त्यात मॉडेलचं नाव येऊ द्या आणि त्याची छापील प्रत किट बॅगेत ठेवा. अंपायर मैदानावर विचारतो तेव्हा मोबाइलमध्ये ईमेल शोधत बसायला वेळ नसतो.

हेल्मेटवर ‘नॉक्सी’ची खूण असते. खेळातल्या संरक्षक साधनांची मानकं ठरवणारी ही अमेरिकी संस्था. ती खूण आणि बाहेरचा इशाऱ्याचा मजकूर, दोन्ही झाकायचे नाहीत. चेस्ट प्रोटेक्टरचंही तेच. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकी हायस्कूल बेसबॉलमध्ये नॉक्सीच्या मानकात बसणारा प्रोटेक्टरच चालतो. हा नियम आला तो छातीवर ठरावीक क्षणी बसलेल्या फटक्याने हृदयाची लय बिघडते म्हणून. तसा फटका फार जोराचा असावा लागतो असंही नाही. त्यामुळे प्रोटेक्टरच्या पुढच्या भागाला सुई, कात्री, इस्त्री यांपैकी काहीही लागता कामा नये.

मास्क: आधी पॅड, मग कवच

पूर्वी कॅचरच्या तोंडावर नुसता गजांचा पिंजरा आणि डोक्यावर टोपीवजा हेल्मेट असायचं. १९९६ मध्ये टोरंटो ब्लू जेजचा कॅचर चार्ली ओब्रायन याने आइस हॉकीच्या गोलकीपरसारखा एकसंध मास्क मैदानात आणला आणि रंगवायला भरपूर पृष्ठभाग मिळाला. मोह तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात बिनधोक बदल म्हणजे कपाळाचे व हनुवटीचे पॅड बदलणं. ते बटणाने, पट्ट्याने किंवा वेल्क्रोने लावलेले असतात आणि अनेक मॉडेलांसाठी वेगळ्या रंगात मिळतात. अट एकच: पॅड त्याच मॉडेलचे हवेत. दुसऱ्याचे पॅड पाच मिलिमीटरने जरी जाड असले तरी पिंजरा खाली-वर सरकतो आणि आडवा गज नेमका डोळ्यांसमोर येतो. बसवल्यावर मास्क घालून उकिडवं बसा, डोकं झटक्याने दोन्हीकडे फिरवा. मास्क डोक्याबरोबर फिरला पाहिजे, मागून नाही.

पिंजऱ्याचा रंग बदलू नका. गज काळे आणि बिनचमकीचे असतात त्याला कारण आहे: डोळ्याजवळचा गडद गज नजर काही वेळात विसरून जाते, पांढरा किंवा चमकदार गज मात्र दुपारच्या उन्हात सतत खुपतो. क्रोमसारख्या चकाकीचंही असंच. अमेरिकी हायस्कूलमध्ये बॅटिंग हेल्मेटचा पृष्ठभाग आरशासारखा चालत नाही. कॅचरच्या कवचालाही तोच हिशेब लावलेला बरा.

आता कवच. ते बहुधा एबीएस प्लॅस्टिकचं असतं. स्प्रे पेंटमधलं थिनर, ॲसिटोन, काही गोंद या प्लॅस्टिकमध्ये केसासारख्या बारीक भेगा पाडतात. त्या लगेच दिसतीलच असं नाही, आणि रंगाखाली तर दिसणारच नाहीत. पहिला जोराचा फाउल टिप (बॅटला निसटता लागून मागे येणारा चेंडू) लागला की कवच तिथून तडकू शकतं. पेशेवर रंगारी पॉलिश पेपरने घासून, चिकटपणा वाढवणारा थर देऊन, एअरब्रशने रंगवून वर दोन भागांचं क्लिअर (पारदर्शक थर) मारतात. त्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना घातक आहे. गॅरेजमध्ये साधा कापडी मास्क लावून करायचं ते काम नव्हे. पूर्ण रंगवलेला मास्क हवाच असेल तर उत्पादकाकडूनच रंग निवडून मागवा (ऑल-स्टार, रॉलिंग्ज असे संच बनवून देतात, पण काही आठवडे धरावे लागतात), नाहीतर खेळातून बाद झालेला जुना मास्क रंगवा आणि तो फोटोसाठी, शेल्फसाठी ठेवा.

नाव देवनागरीत हवं असेल तर

लेखी मान्यता मिळाली, तर विनाइलचं (चिकट प्लॅस्टिक पत्र्याचं) कटर यंत्राने कापलेलं नाव हा सगळ्यात सोपा मार्ग. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतली मुलं लिटल लीग खेळतात, आणि मास्कच्या मागच्या पट्टीवर आपलं नाव आपल्या लिपीत असावं असं वाटणं साहजिक आहे. देवनागरीचा इथे एक फायदा आणि तीन अडचणी.

फायदा म्हणजे शिरोरेषा. इंग्रजी नावाची सात अक्षरं सात सुटे तुकडे होतात. ‘अर्णव’ रफारासकट एका पट्टीला लटकलेला सलग तुकडा निघतो, त्यामुळे सरळ बसवणं सोपं.

पहिली अडचण जोडाक्षरांची. कटरच्या सोबत येणारी काही सॉफ्टवेअरं देवनागरी नीट मांडत नाहीत. ‘तन्वी’चं ‘तन्‌वी’ होतं, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. म्हणून नाव इंकस्केपसारख्या प्रोग्रॅममध्ये लिहा, तिथेच नीट वाचा, मग अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून ती आकृती कटरला द्या.

दुसरी अडचण पहिल्यांदा करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला गाठते. फॉन्टमध्ये शेजारशेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. पडद्यावर एक रेघ दिसते, पण कटरला प्रत्येक अक्षराची वेगळी कड दिसते आणि तो ती इमानेइतबारे कापतो. नको असलेलं विनाइल सोलताना मग शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटून हातात येते. उपाय: आकृतीत रूपांतर झाल्यावर सगळं निवडून ‘युनियन’ (आकार एकत्र जोडणारी आज्ञा) द्या आणि फक्त बाह्यरेषा दाखवणाऱ्या दृश्यात तपासा. शिरोरेषेच्या पोटात एकही उभी रेघ दिसायला नको.

तिसरी अडचण सुट्या तुकड्यांची. ‘ओंकार’मधला अनुस्वार एकटा राहतो आणि पहिल्याच धुण्यात निघून जातो. तो किमान ४ मिलिमीटर व्यासाचा ठेवा किंवा खाली ओढून मात्रेला चिकटवून टाका. लिपीशुद्धीवाल्यांनी क्षणभर डोळे मिटावेत. अक्षरांची सगळ्यात बारीक रेघही दीड मिलिमीटरच्या आत नको, आणि टोकदार कोपरे जरा गोल करा, कारण विनाइल सुटायला सुरुवात नेहमी टोकापासून होते.

विनाइल ‘कास्ट’ जातीचं घ्या. स्वस्त ‘कॅलेंडर्ड’ विनाइल जाड असतं, ताणून गोलाईवर बसवलं की पुन्हा मूळ आकाराला यायला बघतं आणि दोन दिवसांत कडा उचलतं. चिकटवायची पद्धत:

१. सगळे पॅड काढा. भांडी घासायचा सौम्य साबण आणि कोमट पाणी, एवढ्यानेच कवच पुसा. स्पिरिट, थिनर, नेलपेंट रिमूव्हर लावू नका. रात्रभर वाळू द्या.

२. नावाची उंची २५ ते ३० मिलिमीटर, लांबी १० सेंटिमीटरच्या आत. त्याहून लांब सरळ पट्टी दोन्हीकडे वळणाऱ्या पृष्ठभागावर सुरकुततेच. नाव आणि आडनाव दोन तुकडे करा.

३. ट्रान्स्फर टेपसकट नाव जागेवर धरून मधोमध मास्किंग टेपची उभी पट्टी मारा. एका अंगाचा मागचा कागद सोलून कापा, मधून कडेकडे प्लॅस्टिकच्या पट्टीने दाबत जा. मग मास्किंग टेप काढून दुसरं अंग.

४. सुरकुती आलीच तर हेअर ड्रायरची कोमट हवा द्या. हीट गन नको. गाड्यांवर विनाइल बसवणारे शेवटी जेवढी उष्णता देतात तेवढ्यात एबीएस मऊ पडायला लागतं.

५. किमान २४ तास हात लावू नका. दाबाने चिकटणाऱ्या गोंदाला पूर्ण पकड घ्यायला वेळ लागतो.

जागा निवडताना हनुवटीची कड सोडा. उंच उडालेल्या चेंडूसाठी कॅचर मास्क ओढून काढतो तेव्हा हात तिथेच पडतो. मागची पट्टी उत्तम: ती अंपायरला दिसते, फोटोत येते, आणि पिचरचा तिच्याशी संबंध नाही.

चेस्ट प्रोटेक्टर

पुढच्या बाजूला काही करायचं नाही म्हटल्यावर उरतं काय? पाठीवरचे पट्टे. ते क्लिपांनी सुटतात, त्यामुळे शिलाई मशीनवर आरामात घेता येतात. साधारण ८ बाय ५ सेंटिमीटरचा भरतकाम केलेला बिल्ला पाठीच्या मधल्या, न ताणणाऱ्या भागावर शिवा. १००/१६ नंबरची सुई, पॉलिएस्टर दोरा, तीन मिलिमीटरचा टाका. इलॅस्टिकवर सरळ टाका घातला तर पट्टा ताणला की दोरा तटकन तुटतो. तिथे शिवायचंच असेल तर झिगझॅग टाका. बिल्ला फक्त एका सामन्यापुरता असेल तर पट्ट्याला वेल्क्रोचा मऊ भाग शिवून ठेवा, पुढच्या वर्षी दुसरा बिल्ला लावता येतो. महाराष्ट्रात शाळेच्या सॉफ्टबॉल-बेसबॉल संघांत बहुधा एकच संच दोघा-तिघांत फिरतो. तिथे तर काढता-घालता येणारी सजावटच शहाणपणाची.

पुढच्या कापडावर रंगाचं काही हवंच असेल तर कापडावरचा मार्कर वापरा, तोही कडेच्या पट्टीवर. कापडी रंग पक्का करायला इस्त्री लागते आणि इस्त्रीचं काय होतं ते वर आलंच आहे. रबर सोल्यूशनसारख्या उग्र वासाच्या गोंदाने बिल्ला चिकटवू नका. त्यातलं द्रावण कापडातून झिरपून फोम खातं.

पिचरचं गणित इथे येतं. मेजर लीगमध्ये पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटचं (फलंदाजाजवळच्या पाटीचं) अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर, लिटल लीगमध्ये ४६ फूट. तेवढ्या अंतरावरून तो मिट (कॅचरचा जाड हातमोजा) बघत असतो, आणि मिटच्या मागे हा प्रोटेक्टर असतो. प्रोटेक्टर एकरंगी गडद असेल तर मिट उठून दिसतं. त्यावर चट्टेपट्टे, कार्टून, तारे-चांदण्या आल्या की मिटची कड हरवते. गुलाबी प्रोटेक्टर चालेल, पण मग मिट काळं किंवा गडद तपकिरी असू द्या.

लेग गार्ड

इथे फार जीव पाडू नका. ताटल्या बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीनच्या असतात (आतून पुनर्वापराचं चिन्ह बघा: ५ किंवा २) आणि त्यांवर रंग धरत नाही, पहिल्या घसरणीत पापुद्रे निघतात. नडगीच्या सपाट भागावर विनाइलचा क्रमांक लावा, गुडघ्याच्या सांध्यापासून दूर. खरा रंग आणायचा तो पट्ट्यांतून. रंगीत इलॅस्टिक पट्टे सुटे मिळतात. जुन्या पट्ट्याच्या लांबीएवढेच घ्या आणि क्लिपा पायाच्या बाहेरच्या अंगाला राहतील असे बसवा. आतल्या अंगाला आल्या तर बेसकडे धावताना एकमेकींत अडकतात आणि खेळाडू तोंडावर आपटतो.

मिट: रंगीत वाद्या

सगळ्यात देखणा बदल इथे होतो आणि सगळ्यात जास्त वेळही इथेच जातो. पूर्ण मिट उसवू नका. जाळी (अंगठा आणि बोटांमधली) पकडणारी आणि मनगटाजवळची, एवढ्या दोन वाद्या बदलल्या तरी रंग दुरून ओळखू येतो.

साहित्य: मिटसाठीची चामड्याची वादी, ५ ते ६ मिलिमीटर रुंद, ७२ इंचांच्या दोन, मिट ओवायची सुई किंवा चांभाराचं बोथट दाभण, पक्कड, धारदार कात्री. खालची कृती सामन्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी करा.

नवी वादी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ती वादी बाद. नाहीतर डावागणिक चेंडूवर रंग उतरेल, अंपायर चेंडू बदलत राहील, आणि चेंडू मुद्दाम रंगवणं नियमाने निषिद्ध असल्याने नको ते प्रश्नही येतील.

मिटचे दोन्ही बाजूंनी, कोनाकोनांतून दहा-बारा फोटो काढा. ‘लक्षात राहील’ असं वाटतं, राहत नाही. वादीचं एक टोक पाच सेंटिमीटर लांब निमुळतं कापा. मग जुनी वादी एका भोकातून काढा आणि लगेच त्याच भोकात नवी घाला, असं एकेक भोक पुढे जा. सगळी जुनी वादी एकदम ओढली की जाळी सुटी होते आणि परत बसवायला दुसरा दिवस उजाडतो. गुळगुळीत बाजू कायम वर. भोकात वादीला पीळ पडला तर ती तिथेच झिजून तुटते. वादी अडली तर पकडीने दाभण ओढा, वादी ओढू नका.

ताण एकसारखा ठेवणं ही खरी कसोटी. जाळीची अंगठ्याकडची बाजू घट्ट आणि बोटांकडची सैल झाली की चेंडू बसायची खोबण तळव्याकडे सरकते, आणि मग प्रत्येक वेगवान फेक थेट तर्जनीच्या बुडाशी लागते. संध्याकाळी हात सुजलेला दिसला तर आधी जाळी तपासा. गाठ मारून टोकं चार-पाच सेंटिमीटर सोडा. लांब शेपट्या फोटोत छान दिसतात, पण चेंडू काढताना बोटांत अडकतात. नवी वादी ताणते, म्हणून दोन-तीन सरावांनंतर पुन्हा आवळा. तेल चोपडून मऊ करायची घाई केली तर ती आणखी ताणते.

मिटवर चामड्याचा रंग लावायचा असेल तर फक्त मागच्या बाजूचा लोगो किंवा मनगटाचा पट्टा रंगवा, तळवा कधीच नाही. कापसाच्या बोळ्यावर किंचित ॲसिटोन घेऊन तेवढ्याच जागेची चकाकी उतरवा (हे चामड्यावर चालतं, हेल्मेटवर नाही), मग पातळ तीन-चार थर, दर थरामागे वीस मिनिटं. एकच जाड थर दिला की चामडं दुमडल्यावर तडे जातात. रंग निवडताना मेजर लीगचा नियम लक्षात ठेवा: पॅन्टोनच्या (रंगांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीच्या) १४ मालिकेपेक्षा फिका ग्लोव्ह कोणत्याही क्षेत्ररक्षकाला चालत नाही. पांढरट मिटवर पांढरा चेंडू दिसत नाही, हे साधं कारण. मिटच्या मापालाही मर्यादा आहे, परीघ ३८ इंचांपर्यंत, म्हणून बाहेरून झालरी, गोंडे असलं काही शिवायच्या भानगडीत पडू नका.

आणि नखं. मेजर लीगमध्ये २०२२ पासून पिचकॉम हे पिचरला खुणा पोचवणारं इलेक्ट्रॉनिक साधन आलं, पण शाळांमध्ये अजून अनेक कॅचर बोटांनीच खुणा करतात. फ्लुरोसंट नेलपेंट किंवा नखांवरचे स्टिकर तिथे शोभेचेही आहेत आणि कामाचेही, कारण संध्याकाळच्या सावलीत बोटं मोजायला पिचरला तीच मदत करतात. संघाच्या रंगाचा हट्ट इथे सोडा; गडद निळं नख मांडीच्या अंधारात दिसतच नाही.

रंगीत तालीम

सामन्याच्या चार-पाच दिवस आधी पूर्ण संच चढवून चाळीस-पन्नास फेकी पकडा, पूर्ण वेगाने. जमिनीवर आपटणारे चेंडू अंगावर घेऊन अडवा, दुसऱ्या बेसवर फेका, उंच चेंडूसाठी मास्क दहा वेळा काढा. पिचरला मुद्दाम विचारा की मिट नीट दिसतं का; तो बहुधा आपणहून सांगत नाही. काही सुटलं, खडखडलं, टोचलं तर ते काढून टाका, दुरुस्त करत बसू नका. जुन्या वाद्या, जुने पॅड, जुने पट्टे एका पिशवीत घालून सामन्याच्या दिवशी डगआउटमध्ये ठेवा. अंपायरने एखादी गोष्ट नाकारली तर दोन मिनिटांत बदलता आली पाहिजे.

सामन्यानंतर विनाइल काढायचं असेल तर त्याच आठवड्यात काढा. उन्हात राहिलेल्या किट बॅगेत गोंद घट्ट होत जातो. हेअर ड्रायरने कोमट करा, एक कड नखाने उचला आणि वर न खेचता मागच्या मागे, पृष्ठभागालगत ओढा. राहिलेला गोंद साबणाच्या कोमट पाण्याने भिजवून अंगठ्याने चोळत गोळ्या करून काढायचा. वेळ लागतो, पण थिनरची बाटली उघडायची नाही.